पक्षी धरणाऱ्या माशाबद्दलच्या शंकेला उत्तर

नमस्कार. टायगरफिश या आफ्रिकेतल्या शिकारी माशावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मासा पाण्याबाहेर झेपावून उडता पक्षी धरतो? व्हॉट्सअॅपच्या थापा छापू नका. उद्या म्हणाल, काँगोतला टायगरफिश माणसं खातो."

पक्ष्याची गोष्ट थाप नाही. दक्षिण आफ्रिकेत लिंपोपो प्रांतात मापुंगुब्वेजवळ श्रोडा नावाचं एक छोटं धरण आहे. तिथल्या टायगरफिशना रेडिओ टॅग लावून ते दिवसभर कुठे फिरतात, याचा माग संशोधक काढत होते. पक्षी बघायला कोणी गेलंच नव्हतं. पण हे मासे पाण्यालगत उडणाऱ्या भिंगऱ्या (हिवाळ्यात आपल्याकडेही येतात, तीच पक्ष्यांची जात) हवेतल्या हवेत पकडताना दिसले, आणि तेही पुन्हा पुन्हा. चित्रण झालं, 2014 मध्ये शोधनिबंध आला. काही मासे पृष्ठभागालगत पाठलाग करून मग उसळी मारत. काही अर्ध्या मीटरहून जास्त खोलीवरून थेट वर येत. मी थक्क होतो तो या दुसऱ्या तऱ्हेने. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे पक्षी दिसतो तिथे नसतोच. त्यात तो उडतोय. तरीही नेम लागतो!

"एवढा पक्षी गिळेल कसा?" हेही तुम्ही विचारलंत. अहो, भिंगरी जेमतेम वीसेक ग्रॅमची. टायगरफिशचे दात बघून लचके तोडणारा पिरान्हा मासा आठवतो खरा, पण हा सहसा लचके तोडत नाही, भक्ष्य अख्खं गिळतो. आफ्रिकेतल्याच करिबा जलाशयात तो कापेंटा नावाच्या बोटभर माशांवर ताव मारतो.

राहिला काँगोचा राक्षस. तो गोलायथ टायगरफिश, ही जातच वेगळी. श्रोडातला मासा झांबेझी, ओकावांगो, लिंपोपो या नद्यांतला, त्याहून बराच लहान. गोलायथ सव्वा मीटरच्या वर जातो, वजन पन्नास किलोपर्यंत. तो माणसं खातो असं माझ्या लेखात एक अक्षर नाही. माणसाहून मोठा दिसणाऱ्या गोलायथचे फोटो मात्र जरूर संशयाने बघा. गळ टाकणारे हौशी लोक हात लांब करून मासा कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरतात, मग काय, मगरीएवढा दिसणारच.

भिंगरीची चित्रफीत नेटवर सापडते. हळू गतीने बघा, आणि तरी पटलं नाही तर नेमकं काय खटकलं ते लिहा.