सेडान आपल्या रस्त्यांची नाही, हे कितपत खरे?

‘आपल्या रस्त्यांवर सेडान घासते, अपघातात एसयूव्हीच वाचवते आणि जागाही तिच्यातच जास्त असते, म्हणून रोजच्या वापराला सेडान घेऊ नये,’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. फोक्सवॅगनची व्हर्टस ही सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली गाडी, आणि टायगुन ही एसयूव्ही, म्हणजे उंच बांध्याची गाडी, एकाच प्लॅटफॉर्मवर (मूळ सांगाड्यावर) बेतलेल्या असून दोन्ही चाकणला तयार होतात. त्या शेजारी ठेवून पाहिल्यास यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिला मुद्दा घासण्याचा. रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचे पोट यांतले अंतर, व्हर्टसचा १७९ मिलिमीटर आणि टायगुनचा १८८ मिलिमीटर, म्हणजे फरक एक सेंटिमीटरही नाही. पाच माणसे आणि डिकीभर सामान घेतल्यावर दोन्ही गाड्या याहून अधिक खाली दबतात. नियम धाब्यावर बसवून बांधलेल्या, उंच आणि अरुंद गतिरोधकावर पुढची चाके उतरून मागची चढण्याआधी गाडीचे पोट टेकते, आणि तिथे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतरही तितकेच महत्त्वाचे ठरते. ते दोघींचे २,६५१ मिलिमीटर, अगदी सारखे आहे. जुन्या, बुटक्या सेडानबाबत ही तक्रार रास्त होती, हे मान्य करायलाच हवे.

सुरक्षिततेचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण उंच बसल्याने मिळणारा धीर अनेकांना संरक्षणच वाटू लागतो. गाड्यांची अपघातातली सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत टायगुनला २०२२ मध्ये आणि व्हर्टसला २०२३ मध्ये पाचपैकी पाच तारे मिळाले. उलट, गुरुत्वमध्य वर असलेली गाडी अचानक वळवताना अधिक झुकते, हे घाटात गाडी चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

सामानाच्या जागेत तर सेडानच पुढे आहे: तिची डिकी ५२१ लिटरची, तर टायगुनची ३८५ लिटरची. सायकलीसारखी उंच वस्तू मात्र एसयूव्हीतच नीट मावते.

एसयूव्ही घेण्याची खरी कारणे या मजकुरात नाहीतच. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना उंच आसनावर बसणे-उठणे सोपे जाते, आणि टायगुन सुमारे ३४ सेंटिमीटर आखूड असल्याने सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये सहज बसते. घरात अशी गरज असेल, तर एसयूव्ही अवश्य घ्यावी. नसेल, तर घरच्या सगळ्यांना बसवून सेडान आपल्या नेहमीच्या रस्त्यावर चालवून पाहावी आणि मगच तिच्यावर काट मारावी.