चाचणीच्या कागदावर सही केली म्हणजे सुटका नाही?

"रुग्णालयात औषधाच्या चाचणीला सही देऊ नका. एकदा सही केली की सुटका नाही, निम्म्यांना नुसत्या साखरेच्या गोळ्या देतात आणि बरंवाईट झालं तर कुणी विचारत नाही." हा संदेश इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. भीती निराधार नाही. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने २०१२ मध्ये चाचण्यांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. पण तिन्ही विधानं चुकीची आहेत.

सुटका कधीही होते. कारण सांगावं लागत नाही आणि त्यावरून रुग्णालयाला तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. फक्त डॉक्टरांना न सांगता गोळ्या बंद करू नका. स्टेरॉइडसारखी औषधं एकदम सोडली तर त्रास होतो.

साखरेच्या गोळ्यांचं म्हणाल, तर अनेक चाचण्यांत दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळतात. नवं औषध किंवा प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) त्यावर जोडतात. उपलब्ध असलेले प्रमाणित उपचार न देता प्लासिबो दिला आणि त्यातून इजा झाली, तर २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार ती चाचणीचीच इजा ठरते.

भरपाईबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नुकसान इथेच होतं. गंभीर घटना घडल्यावर २४ तासांत सरकारी औषध नियामकाला कळवण्याची जबाबदारी मुख्य तपासनीस डॉक्टरांची असते. इजेवरचे उपचार मोफत. मृत्यू चाचणीमुळे झाला असं ठरलं, तर ८ लाख हा पाया धरून वय आणि आधीच्या आजाराची जोखीम यांवरून रक्कम काढतात: ६५ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकासाठी ३२ लाख, पण सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा नसलेल्या त्याच वयाच्या रुग्णासाठी ४ लाख. नियामकाच्या आदेशानंतर ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. मूळ आजारानेच मृत्यू झाला असं ठरलं तर मात्र ही भरपाई मिळत नाही, हे आधीच समजून घ्या.

संमतीपत्रात वारसाचं नाव-पत्ता, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न हे रकाने असतात. घाईत ते कोरे राहतात आणि पुढे दावा करताना घरच्यांची धावपळ होते. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. सही केलेली प्रत हातात मिळाल्याशिवाय उठू नका. चाचणीला मंजुरी देऊन तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर त्यातच असतो. सहीपूर्वी सीटीआरआय क्रमांक, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक, मागा. तो तिच्या संकेतस्थळावर टाकला की इंदूरचं केंद्र, डॉक्टरांचं नाव आणि कमिटीची मंजुरी या तिन्ही गोष्टी दिसायला हव्यात.