सगळं डीमध्ये ठेवलंय

घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप घ्यायची काही एक गरज नाही, हे आधीच ठणकावून सांगतो. बॅकअप बँका घेतात, पुण्यातल्या कंपन्या घेतात आणि ज्यांना रात्री झोप लागत नाही अशी माणसं घेतात. आपण सांगलीकर. आपल्याला गणपती आहे, कृष्णामाई आहे आणि डी ड्राइव्ह आहे.

डी ड्राइव्हवरची ही श्रद्धा कुठून आली ते तुम्हालाही ठाऊक आहे. दर घराला एक कॉम्प्युटरवाला पोरगा नेमून दिलेला असतो. तो किल्ल्यांच्या जुडग्यात पेन ड्राइव्ह अडकवून येतो, चहा घेतो, तीनशे रुपयांत सी ड्राइव्हमध्ये विंडोज टाकतो आणि जाताना गुरुमंत्र देतो, "काका, सीमधलं जाणार बघा सगळं. डीला काय हुत नाय." झालं. त्या दिवसापासून लेकीचं बारसं डीमध्ये, सातबारा डीमध्ये, सोसायटीचा हिशेब डीमध्ये, मेव्हण्याच्या लग्नाचे दोन हजार फोटो (त्यातले अठराशे पंगतीचे) डीमध्ये.

माझी डी अशीच गच्च भरलेली होती. एके दिवशी कॅबिनेटमधून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला. पाल चुकचुकावी तसा. भित्रा माणूस अशा वेळी मशीन ताबडतोब बंद करतो आणि परत चालू करायचं धाडस करत नाही. तुम्ही तसलं काही करू नका. मी केलं तेच करा. वीस वेळा रीस्टार्ट मारा, मधेमधे कॅबिनेटला दोन चापट्या द्या. आतली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. त्या फटीपुढं माणसाचा केस म्हणजे वडाचं खोड. हेड एकदा तबकडीला टेकलं की पुढचा प्रत्येक फेरा खरवडत जातो. वीस रीस्टार्टमध्ये असे किती फेरे झाले याचा हिशेब मी करणारही होतो, पण एक्सेलची फाइल डीमध्ये होती.

पोरगा आला. त्यानं डिस्क काढली, कानाशी धरून हलवली, कलिंगड घेताना वाजवतात तशी बोटानं वाजवली आणि टेबलावर ठेवली.

"काका, ही गेली."

"सीच गेली ना? डी आहे ना?"

मयताला आलेल्या माणसासारखा चेहरा करून तो म्हणाला, "काका, डी बी हिच्यातच हुती की."

म्हणजे सी आणि डी ही दोन घरं नव्हेत. एकाच खोलीत मधे जुनी साडी बांधून केलेल्या त्या दोन खोल्या. विंडोज नव्यानं टाकताना पडद्याअलीकडचं सामान वाचतं, एवढंच त्याच्या मंत्रात खरं होतं. छत कोसळताना मात्र ते पडदा बघून कोसळत नाही. हे त्यानं बारा वर्षांत सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नव्हतं. डिस्क पुण्याला दाखवली. डेटा काढून द्यायचा तिकडून जो आकडा आला तो ऐकून सौ. म्हणाली, "एवढ्यात माझ्या भावाचं दुसरं लग्न होईल की."

तुमच्याकडं एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, असेल तर तुम्ही आणखी नशीबवान. ती टक् टक् करून कुणाला त्रास देत नाही. आजारपण नाही, कण्हणं नाही. रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही, अशी तिची पुण्यवान तऱ्हा.

त्यानंतर मी शहाणा झालो, हे माझं चुकलंच. एक टेराबाइटची बाहेरून जोडायची डिस्क आणली, दर रविवारी कॉपी करायला लागलो. आमच्या गावभागातल्या घरात भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ आहे, वडिलांनी निळ्या ऑइलपेंटनं मारलेली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आख्खी गल्ली आपापल्या रेघा बघून सामान लावत होती. आम्ही कॉम्प्युटर रेघेच्या दीड फूट वर, कपाटाच्या माथ्यावर ठेवला. शेजारी, त्याला सोबत म्हणून, बॅकअपची डिस्क. तीही साधी नाही, फराळाच्या स्टीलच्या डब्यात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं. परत आलो तेव्हा कपाट आडवं झालेलं, कॉम्प्युटर गाळात, डबा त्याच्या खाली. झाकण इतकं घट्ट होतं की आत गेलेलं पाणी बाहेर आलं नव्हतं.

तर माझा सल्ला असा, की मूळ आणि नक्कल यांची ताटातूट करू नका. जन्मले एका घरात, जातील एका घरातून.

पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकी फोटोग्राफरनं याच्या अगदी उलटं सांगून ठेवलंय. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या जातीच्या साधनांवर ठेवा आणि त्यातली एक घराबाहेर ठेवा. तीन, दोन, एक. त्याला कृष्णेचा पूर ठाऊक असेल असं वाटत नाही, पण सांगलीशेजारच्या हरिपूरला येऊन गेला असता तर हेच त्याला जमिनीखाली बघायला मिळालं असतं. हळदीची पेवं म्हणजे काय उत्तम सोय! अरुंद तोंड, खाली ऐसपैस पोट, वरून मातीनं बंद. वर्षानुवर्षं कीड नाही की भुंगा नाही. हार्ड डिस्क बनवणाऱ्यांनी हेवा करावा अशी गोष्ट. फक्त एका पेवाशेजारी दुसरं, दुसऱ्याशेजारी तिसरं, आणि सगळ्यांना नदी एकच. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं तेव्हा ते पहिल्यात शिरून थांबलं नाही. घरातल्या घरात तीन पेन ड्राइव्हवर तीन प्रती ठेवणाऱ्यांनी हरिपूरला एकदा चक्कर मारावी. संगमेश्वराचं दर्शनही होईल.

घराबाहेर म्हणजे कुठं, असा प्रश्न आपल्याला पडायचं काही कारण नाही. पूर आला की आपण माणसं, गॅसची टाकी, लोणच्याची बरणी, सगळं विश्रामबागला नाहीतर मिरजेला आत्याकडं नेतोच. पण तळहाताएवढी डिस्क आत्याच्या कपाटात आधीपासून ठेवायची म्हणजे केवढी लाज! लोक काय म्हणतील?

ज्यांना आत्या नाही ते म्हणतात, "माझं सगळं क्लाउडला आहे." छान आहे. फोनमधले फोटो आपोआप वर जातात, आणि फोन फुल झाला म्हणून फोनमधले उडवले की तितक्याच आपोआप वरचेही उडतात. गूगल फोटोजमध्ये असे उडवलेले फोटो ६० दिवस कचरापेटीत पडून राहतात. म्हणजे मे महिन्यातल्या मुंजीचे फोटो गेल्याचं गणपतीत कळलं की प्रश्नच मिटला. तो आरसा आहे हो, पेटी नव्हे. न्हाव्याकडं मिशी उतरवून आल्यावर निदान आरशातली तरी राहिली असेल, असं बघायला कोण जातं? फुकटातली जागा १५ जीबी. ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. आमच्या घरी त्यातली निम्मी जागा शुभ सकाळच्या गुलाबांनी व्यापली आहे. ते पुराच्या पाण्यातसुद्धा कोमेजणार नाहीत.

फुकट सॉफ्टवेअर हा आपला आणखी एक जन्मसिद्ध हक्क. फोटो सजवायचं महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकायचं. त्याबरोबर कधीकधी पाहुणा येतो. तो काही चोरून नेत नाही, फक्त प्रत्येक फाइलला कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा असाच एक पाहुणा जगभर आला होता तेव्हा (तो क्रॅकमधून नव्हे, विंडोजच्या न बुजवलेल्या भोकातून आला होता) मागणी ३०० डॉलरपासून, तीही बिटकॉइनमध्ये. आमच्या गल्लीच्या भिशीत बिटकॉइन चालत नाही. या पाहुण्याची गैरसोय होऊ नये असं वाटत असेल तर बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेली ठेवा. त्याला हेलपाटा पडत नाही, एका फेरीत दोन्हीकडं कुलूप लावून होतं. कॉपी झाल्यावर वायर काढून ठेवणारी माणसं कंजूष असतात.

आणि एवढं सांगूनही बॅकअप घेतलाच, तर निदान तो उघडून बघू नका. सोसायटीचे आमचे एक काका पाच वर्षं नेमानं हिशेब पेन ड्राइव्हवर घेत होते. डेस्कटॉपवरचं फोल्डर धरायचं, पेन ड्राइव्हवर टाकायचं, पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात. मशीन गेलं तेव्हा त्यांनी तो हळदीकुंकू लावलेला पेन ड्राइव्ह ऐटीत माझ्या हातावर ठेवला. उघडला. आत फोल्डर होतं, नावही बरोबर होतं आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता. शॉर्टकट. आकार १ केबी. पाच वर्षं काका हिशेबाचा नुसता पत्ता जपून ठेवत होते. दर महिन्याला एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिली असती तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं, आणि मग काकांना पाच वर्षं जे समाधान मिळालं ते कुठून मिळालं असतं?

जगात ३१ मार्चला बॅकअप दिवस पाळतात, २०११ पासून. तारीख काढणाऱ्याचं कौतुक वाटतं. मार्चएंडला आपल्याकडं माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही.

हे लिहितोय तेव्हा बाहेर तीन दिवसांची झड लागलीय. नवा कॉम्प्युटर आता माळ्यावर आहे, भिंतीवरच्या २०१९ च्या रेघेच्या दीड फूट वर. नवी डिस्क शेजारी. डिस्कवर ताजी कॉपी घेऊन ती मिरजेला द्यायची ठरलंय. आत्याचा कालच फोन येऊन गेला, कपाटात जागा केलीय म्हणून. पाचशे जीबी आहे, जुन्या यूएसबीतून साडेचार-पाच तास तरी जातील. तेवढा वेळ मशीन अडकून पडणार, त्यात लाइटचा भरवसा नाही. आत्ताच ग्रुपवर मेसेज आला, आयर्विनला ३७. अजून वेळ आहे. चाळीसला लावू.