एम्स ‘पळाला’ नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

अडेलबर्ट एम्स म्हणजे गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेल्या अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेला सेनाधिकारी आणि नंतर दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याचा गव्हर्नर. त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यांच्या मते एम्स हा यादवी युद्धानंतर हरलेल्या दक्षिणेत सत्ता आणि पैसा कमवायला आलेला उपरा, म्हणजे कार्पेटबॅगर, उत्तरेचा सेनानी बेंजामिन बटलरचा जावई म्हणून त्याची वर्णी लागली, त्याच्या काळात मिसिसिपीचे कर भरमसाट वाढले, आणि शेवटी “जनतेने मतपेटीतून नाकारल्यावर महाभियोगाला घाबरून राजीनामा देऊन पळाला.” वर मला सल्लाही आहे : “ताई, भावनेच्या भरात लिहिणं सोपं असतं, इतिहास वेगळा असतो.”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण आधी ताई म्हणायचं आणि पुढच्याच शब्दात तिची अक्कल काढायची, ही कुठली पद्धत? माझ्या लेखातलं एखादं विधान खोटं असेल तर ते दाखवा. ‘भावनेच्या भरात’ हा काही मुद्दा होत नाही. बाईने लिहिलं की ते भावनेचं आणि तुम्ही लिहिलं की तो इतिहास, हे मी आयुष्यभर शिक्षकांच्या खोलीत ऐकत आले आहे.

एक गोष्ट मान्य करते. बटलरबद्दल मी एका ओळीत उरकलं, ते जास्त सांगायला हवं होतं. युद्धात दक्षिणेतलं न्यू ऑर्लिन्स शहर ताब्यात असतानाच्या त्याच्या कारभारामुळे दक्षिणेतले गोरे त्याच्या नावानेच पेटून उठत, आणि तो राग जावयाच्या वाट्यालाही आला. हे तुमचं म्हणणं रास्त आहे. मात्र वर्णी लागल्याचं काय? एम्स मिसिसिपीचा हंगामी गव्हर्नर झाला १८६८ मध्ये आणि लग्न झालं १८७० मध्ये. सासरा मिळायच्या आधी सासऱ्याचा वशिला कसा लागतो, ते तुम्हीच सांगा.

आता तुमचं ते वाक्य. “जनतेने मतपेटीतून नाकारलं.” कोणत्या जनतेने? १८७३ साली एम्स सुमारे २० हजारांच्या मताधिक्याने गव्हर्नर निवडून आला. मिसिसिपीत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, नुकतेच गुलामीतून सुटून मतदार झाले होते, आणि त्यांनी त्याला, म्हणजे गुलामगिरी संपवणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवाराला, निवडलं होतं. त्याच वर्षी आपल्याकडे महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १८७५ च्या निवडणुकीत, डेमोक्रॅटिक पक्ष, म्हणजे तेव्हाचा दक्षिणेतल्या गोऱ्यांचा पक्ष, सुमारे ३० हजारांनी जिंकला. लोकसंख्या तीच, मतदार तेच. मग दोन वर्षांत एवढं मन कशाने पालटलं?

उत्तर रक्ताने लिहिलेलं आहे. डिसेंबर १८७४ मध्ये मिसिसिपीतल्या विक्सबर्गला कृष्णवर्णीय शेरीफ (काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख) पीटर क्रॉस्बीला जबरदस्तीने पदावरून हटवलं आणि त्याच्या बाजूने आलेल्यांची कत्तल झाली. ४ सप्टेंबर १८७५ ला क्लिंटनमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या सभेत गोळीबार झाला, आणि नंतरचे काही दिवस तिथल्याच हाइंड्स काउंटीत सशस्त्र टोळ्या कृष्णवर्णीयांना शोधून शोधून मारत होत्या. एम्सने राष्ट्राध्यक्ष ग्रँटकडे सैन्य मागितलं. ग्रँटच्या सरकारचा सर्वोच्च कायदा अधिकारी, ॲटर्नी जनरल पिअरपाँट, याचं उत्तर आलं की दक्षिणेत दर शरदात उसळणाऱ्या या दंगलींना सगळी जनता कंटाळली आहे. सैन्य आलं नाही. स्थानिक मिलिशिया, म्हणजे नागरिकांची सशस्त्र दलं, उभी करावी तर उघड वंशयुद्ध पेटेल, या भीतीने एम्सने ऑक्टोबरमध्ये विरोधकांशी तह केला : मी मिलिशिया मागे घेतो, तुम्ही शांतता राखा. या तहावर टीका करायची तर जरूर करा, मीही करते. पण तो पळणाऱ्याचा तह नव्हता. त्याच दिवसांत त्याने बायकोला पत्रात लिहिलं होतं की शस्त्रांच्या जोरावर क्रांती झाली आहे आणि एका वंशाला दुसऱ्या गुलामगिरीत ढकललं जाणार आहे. पुढे काय येणार, हे तेव्हा इतकं स्वच्छ फार थोड्या लोकांना दिसत होतं.

मतदानाचा दिवस बऱ्याच ठिकाणी शांत गेला म्हणतात, आणि तुमच्यासारखे लोक तेच पुरावा म्हणून पुढे करतात. ही शांतता मला माहीत आहे. शाळेत नोकरी करताना अनेकदा निवडणुकीची ड्यूटी लागली. एका गावात आदल्या रात्री एका वस्तीवर जीपगाड्या फिरल्या. सकाळी आमच्या केंद्रावर रांग होती, शाई लावणं चालू होतं, सगळं कसं व्यवस्थित. दुपारनंतर मतदार यादीची पानं उलटताना लक्षात आलं की त्या वस्तीच्या नावांवर एकही खूण नाही. संध्याकाळी अहवालात गेलं : मतदान शांततेत पार पडलं. केंद्रावर खरोखरच काही घडलं नव्हतं. त्यामुळे शांततेचा दाखला निदान मला तरी देऊ नका.

याझू काउंटी बघा. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या, रिपब्लिकनांचा बालेकिल्ला. तिथल्या शेरीफला निवडणुकीआधीच पळवून लावलं. १८७५ मध्ये तिथे रिपब्लिकनांना मतं पडली ७. सातशे नाही, सात. अमेरिकन संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, चौकशी समितीने दुसऱ्या वर्षी साक्षी घेतल्या, त्यांचे दोन जाडजूड खंड आहेत. त्यात मार्गारेट कॉल्डवेलची साक्ष आहे. तिचा नवरा चार्ल्स हा राज्याचा सिनेटर, मिलिशियाच्या तुकडीचा प्रमुख. नाताळच्या दिवसांत त्याला ओळखीच्या माणसाने प्यायला म्हणून तळघरात नेलं. पेल्याला पेला लागल्याचा आवाज ही खूण होती. खिडकीतून गोळी आली.

हे सगळं घडल्यावर निवडून आलेल्या विधिमंडळाने एम्सवर महाभियोग आणला. सोबतच उपगव्हर्नर डेव्हिसलाही काढलं. डेव्हिस कृष्णवर्णीय होता आणि एम्स गेल्यावर गव्हर्नर तोच झाला असता, म्हणून. आरोप मागे घेतले तर राजीनामा देतो, अशी एम्सची अट होती. विधिमंडळाने आरोप मागे घेतले आणि २९ मार्च १८७६ ला त्याने पद सोडलं. घाबरलेल्या माणसापुढे फिर्यादी आरोप मागे घेतात का? त्याने स्वतः पैसे खाल्ल्याचं त्यांना शेवटपर्यंत सिद्ध करता आलं नाही.

आणि हा माणूस पळणारा? यादवी युद्धातल्या बुल रनच्या लढाईत मांडीला गोळी लागल्यावर त्याला दारूगोळ्याच्या गाड्यावर बसवावं लागलं. तिथूनच तो तोफांना हुकूम देत राहिला आणि बसवेना तेव्हाच मैदानावरून हलला. त्यासाठी त्याला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळालं आहे.

करांचं म्हणाल तर युद्धाआधीचं राज्य बहुसंख्य लोकांना शाळा देतच नव्हतं. नवं राज्य देऊ लागलं, तर त्याला पैसा लागणारच. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींनीही आपल्या पुस्तकात एम्सबद्दल असंच लिहिलं आहे, हा तुमचा शेवटचा दाखला. एम्सच्या मुलीने त्यांना वर्षानुवर्षं पत्रं लिहून ते दुरुस्त करायला सांगितलं, आणि ते झालं नाही म्हणून म्हातारपणी वडिलांचं चरित्र स्वतः लिहिलं. मोठ्या माणसाने लिहिलं म्हणून मी ते खरं मानणार नाही. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर द्यावं असं त्यांत काही नाही.

पुन्हा लिहाल तर सल्ला राहू द्या. याझूच्या त्या ७ मतांचं तुमच्याकडे काय उत्तर आहे, तेवढं लिहा.