बारा व्होल्टची ट्यूब म्हणजे ‘नुसता दिवा’?

गणपती गेल्यापासून ठाण्यातल्या साउंडवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘१२ व्होल्टवर ट्यूब चालतच नाही, २५० तरी लागतातच. बॅटरीवरच्या माइक प्रीअँपमधली ट्यूब म्हणजे नुसता दिवा, काम आयसी करतो. वर खरखर, आणि आवाज फाटतो ते वेगळंच.’ इथे ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायचा तो काचेचा व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूब), आणि प्रीअँप म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा. एरवी सोडून दिलं असतं. पण कळव्यात आमच्याच बिल्डिंगमधला डिप्लोमाचा एक पोरगा हे वाचून जुन्या रेडिओतला २५० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर शोधत हिंडायला लागला. स्विच बंद केल्यावरही अशा सर्किटातले कंडेन्सर भरलेले राहतात आणि शॉक देतात, हे त्या मजकुरात कुठेच नाही.

‘चालतच नाही’ हे धादांत खोटं. १९५०च्या दशकात अमेरिकन गाड्या ६ वरून १२ व्होल्टच्या बॅटरीवर गेल्या, तेव्हा प्लेटला (व्हॉल्व्हमधले इलेक्ट्रॉन ओढून घेणारा पत्रा) थेट १२ व्होल्ट देऊन चालणारे व्हॉल्व्ह निघाले. १२एई६, १२के५ ही त्यातलीच. युरोपातली ईसीसी८६ सुद्धा गाडीच्या रेडिओसाठीच होती.

आपण वापरतो ती १२एएक्स७. तिच्या माहितीपत्रकात २५० व्होल्ट छापलेत, तिथूनच हा समज निघाला असावा. पण ती काही अट नव्हे. आतल्या हीटरने तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतातच. प्लेटची ओढ कमी झाली की करंट घटतो. व्होल्टेज विसावा हिस्सा केलं तर करंट साधारण नव्वदावा हिस्सा उरतो. पण उरतो. कॅथोड सरळ ग्राउंडला, ग्रिडला (सिग्नल शिरतो ती जाळी) एक मेगओहमचा रेझिस्टर, प्लेटला १०० के म्हणजे एक लाख ओहमचा, एवढ्यावर मी बांधलेल्या बारा व्होल्टच्या प्रीअँपमधली ट्यूब आठ-दहा पट गेन देते, म्हणजे सिग्नल तेवढा मोठा करते.

‘नुसता दिवा’ याला मात्र थोडा आधार आहे. काही स्वस्त डब्यांत ट्यूबखाली एलईडी लावून उजेड पाडतात. ओळखायचं कसं? चालू असताना हीटरची तार सोडवा. ट्यूब खरंच काम करत असेल तर आवाज लगेच तुटत नाही, कॅथोड निवेल तसा काही सेकंदांत विरत जातो. माझ्या डब्यातही ट्यूबनंतर एक जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आहे. तो गेन देत नाही. प्लेटवरून थेट दहा मीटर केबल ओढली तर वरचे सूर मरतात, म्हणून तो फक्त केबल ढकलतो. त्यालाच कुणी ‘आतला आयसी’ म्हणत असेल तर म्हणो बापडा.

खरखरीबद्दल जरा सविस्तर, कारण पैसे इथेच जातात. साधा डायनॅमिक माइक साधारण २०० ओहमचा, आणि जोरात बोललं तरी एक-दोन मिलिव्होल्ट देणारा. कमी करंटवरच्या ट्यूबची स्वतःची सळसळ मात्र कित्येक हजार ओहमच्या रेझिस्टन्सइतकी (रेझिस्टन्स जितका मोठा, तितकी त्याची सळसळ मोठी). माइक थेट ग्रिडला जोडला तर मजकूर खरा ठरतो. मध्ये १:१० चा इनपुट ट्रान्सफॉर्मर घातला की व्होल्टेज दहापट होतं, आणि ग्रिडला माइक २०,००० ओहमचा दिसतो. आता माइकची स्वतःची सळसळच ट्यूबपेक्षा मोठी. दोष ट्यूबकडे उरत नाही. पहिल्यांदा मी लॅमिंग्टन रोडवरून बिनकवचाचा स्वस्त ट्रान्सफॉर्मर आणला आणि एलिमिनेटरशेजारी (बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालवायचा अडॅप्टर) बसवला, घूंऽऽऽ! ट्रेन बदलत दादरमार्गे पुन्हा ग्रँट रोड गाठलं आणि म्यू-मेटलच्या (चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू) डबीतला घेतला. बाकी सगळ्या सामानापेक्षा तोच महाग पडला. बॅटरीवर हीटरला डीसी मिळतं, म्हणून त्या बाजूचा हम (तोच घूं आवाज) नाही. हीटर १५० मिलिअँपिअर खातो. ७ अँपिअर-अवरची यूपीएसची बॅटरी चाळीसेक तास पुरते. पोरगा अजून ट्रान्सफॉर्मरच शोधतोय, पण आता १:१० चा.

आवाज फाटतो, हे अर्धं खरं. कीर्तन, निवेदन, गाणं यांत फाटत नाही. ढोल-ताशाच्या अगदी तोंडाशी माइक धरला तर ग्रिडमध्ये करंट वाहायला लागतो आणि आवाज चिरतो. अशा वेळी ट्रान्सफॉर्मरच्या आधी २० डीबीचा पॅड, म्हणजे सिग्नल दहापट लहान करणारा तुकडा, लावायचा.