काय बघायलाव?

मराठवाड्यात कुणाच्या घरासमोर दोन मिनिटांहून जास्त उभं राहायचं तर पाचच कारणं चालतात: मोजणी, मीटर, वसुली, अतिक्रमण आणि सोयरीक. नुसतं घर बघायला आलोय, हे सहावं कारण कुणाला पटवून देणं मला अजून जमलेलं नाही. जुन्या वाड्याच्या गणेशपट्टीकडे, म्हणजे दारावरच्या गणपती कोरलेल्या पट्टीकडे, मान वर केली की आतून आधी कुत्रं येतं, मागून पोरगं आणि त्याच्या मागून बंडी घातलेले आजोबा.

"काय बघायलाव?"

"वाडा बघायलोय, आजोबा."

"इकायचा नाही."

यावर ‘चौकट फार देखणी आहे हो’ असं चुकूनही म्हणू नये. जुन्या चौकटी आणि खांब उचलून शहरातल्या हॉटेलांना विकणारे लोक गावोगाव फिरून गेलेले असतात. तुम्ही त्यांच्यातलेच ठरता. त्यापेक्षा मान खाली घालून जोत्यापासून, म्हणजे घराच्या दगडी बैठकीपासून, सुरुवात करावी. जोत्याकडे बघणाऱ्याचा कुणाला राग येत नाही. काहीतरी हरवलंय असं समजून चार जण शोधायलाही लागतात.

तसंही घर वाचायचं ते खालूनच. माझे प्रश्न दोनच असतात: ओझं कुठून उतरतं आणि पाणी कुठून जातं. राजा कोणता, शैली कोणती, हे सावकाश. खाली काळ्या घडीव दगडाचं जोतं, त्यावर दगडाची भिंत, वर पांढऱ्या मातीची किंवा विटांची. जाडी मोजायला टेप काढू नये, टेप निघाला की तुम्ही मोजणीवाले. चौकटीच्या बाजूला हळूच वीत लावायची. तीन विती भरल्या तर सव्वादोन फूट, चार भरल्या तर तीन. लाकडी खांब थेट जमिनीवर कधीच नसतो. खाली दगडाचा तळखडा असतो, म्हणजे ओल आणि वाळवी परस्पर चढत नाही. दार एवढं बुटकं का, तर वाकून आत येणाऱ्या शत्रूची मान आयती मिळावी म्हणून, असं घरोघर सांगतात. माझं मत गवंड्याच्या बाजूनं आहे: भिंतीला भोक लहान तितकी भिंत पक्की आणि वरचं लाकूड आखूड. कपाळाला टेंगूळ मात्र दोन्ही मतांना सारखंच येतं.

एवढी जाड भिंत एकसंध असते असं समजू नका. बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मध्ये माती-गोट्यांचा भरणा. दोन्ही पदरांना धरून ठेवतात ते आरपार जाणारे लांब दगड, बांधदगड. लांब दगड महाग आणि घडवायला जड, म्हणून तिथंच हात आखडता घेतला जातो. मग वरून पाणी झिरपतं, भरणा फुगतो आणि बाहेरचा पदर सुटतो. ‘भिंतीनं पोट काढलं’ म्हणतात ते हेच. तपासायची रीत सोपी आहे: कोपऱ्याला गाल लावायचा, एक डोळा मिटायचा आणि भिंतीच्या कडेनं दूरवर बघायचं. फुगवटा लगेच दिसतो. भर गल्लीत एक डोळा मिटून कुणाच्या घराकडे बघण्यात काय काय धोके आहेत, ते ज्याचे त्यानं ओळखावेत.

वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, हे तर ओझ्याचं बचत खातं. तुळया, त्यांवर आडव्या कड्या, त्यांवर लाकडाच्या फळ्या-चिपा आणि वर माती. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवी पांढरी माती टाकायची. जुनी कुणी काढत नाही. दोन-तीन पिढ्यांत फूट-दोन फूट थर साचतो. उन्हाळ्यात त्याखाली गारवा असतो तो याच मातीमुळे, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूरकडे माणसं गाडली गेली तीही हिच्याखालीच. बांधदगडाविना भिंतींचे पदर सुटले आणि पिढ्यांची माती एकदम खाली आली. त्या भागात जुन्या घरात शिरलो की मी आधी आढ्याकडे बघतो, नंतर नक्षीकडे.

भूकंपानंतर तो सगळा भाग स्लॅबवर आला हे रास्तच. पण स्लॅब बघणं हाही एक ताप आहे. मराठवाड्यातल्या दहांतल्या आठ गच्च्यांवर गजांची झाडं उगवलेली असतात. पुढचा मजला पोराच्या लग्नात, नाहीतर सोयाबीनला भाव आला की. गज तसेच उघडे राहतात, गंजतात, गंज फुगतो आणि खालचा कॉलम डोक्यापासून तडकायला लागतो. उपाय मूठभर सिमेंटचा आहे: गजांना सिमेंटचं पाणी पाजावं किंवा कच्च्या काँक्रीटची टोपी घालावी. तरी लोक गजाच्या टोकाला प्लास्टिकची बाटली उपडी घालतात. बाटलीनं कपडे वाळत घालताना डोळा वाचतो, कॉलम वाचत नाही. आणि हो, घराच्या दर्शनी बाजूचं हल्लीचं ‘एलिव्हेशन’! मे महिन्यात पारा ४४ वर जाणाऱ्या गावात पश्चिमेला वीस फूट काच, काचेमागे पडदा, पडद्यामागे एसी आणि एसीमागे बिल भरणारा मालक.

पाहुणे आले की हाल वेगळ्या जातीचे. ते हमखास मंगळवारी येतात, आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं. अजिंठा सोमवारी बंद. हे दोन वार तळहातावर लिहून ठेवावेत. मग मंगळवारचा मोर्चा संभाजीनगरच्या बीबी-का-मकबऱ्याकडे वळतो. तिथं पहिलं वाक्य ठरलेलं: "ताजमहालासारखं नाही हो." नसणारच. मकबऱ्याच्या खर्चाचा आकडा सांगतात तो ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ताजच्या मानानं ही चिल्लर झाली, पण सात आण्यांपर्यंतचा हिशेब देणारा ठेकेदार आज दाखवा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्यासाठीची ही इमारत १६६० च्या सुमारास पुरी झाली. मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय ही नावं आहेत. बघायचं ते संगमरवर कुठं संपतो ते. खालच्या पट्ट्यात खरा दगड, वर घुमटाशी पुन्हा खरा आणि मधल्या भिंतीवर चुन्याचा घोटीव गिलावा. तळहात लावला की दुपारीसुद्धा फरक कळतो. तो सांधा सापडला की मला लॉटरी लागल्याचा आनंद होतो आणि पाहुणे म्हणतात, "भिंतीला काय चिकटलाय, फोटो काढा."

बुधवारी वेरूळ. सकाळी लवकर जावं, ऊन तिरपं असतं तेव्हाच कोरीव काम उठून दिसतं. दुपारी डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट होतं. अंधाऱ्या लेण्यात टॉर्च मूर्तीच्या तोंडावर मारू नये, भिंतीला समांतर धरावा, छिन्नीचे घावसुद्धा मोजता येतात. छतासाठी मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून तळहातावर आडवा ठेवावा, मान वाचते. १६ नंबरच्या कैलासात लोक अंगणात उभे राहून ‘केवढं उंच बांधलंय’ म्हणतात. बांधलेलं काहीच नाही, वरून खाली खोदत आणलंय. आधी कळस झाला आणि शेवटी पाया, आपल्या कामांच्या बरोब्बर उलट. म्हणून तर परांची बांधायचा खर्च वाचला. मला स्वतःला त्याहून जास्त खिळवतं ते १० नंबरचं लेणं. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला लाकडी वाश्यांसारख्या कमानदार फासळ्या आहेत, सगळ्या दगडाच्या. त्या काडीचंही ओझं उचलत नाहीत. दगडात कोरायला बसले तरी कारागिरांच्या डोळ्यांपुढून लाकूड हललं नव्हतं. हे मी पाहुण्यांना सांगायला लागतो तोवर पाहुणे रसवंतीवर पोचलेले असतात.

पाण्याचा प्रश्न तिकडे नळदुर्गच्या किल्ल्याला विचारावा. बोरी नदीवर १६१३ साली घातलेल्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात पाणी वरून कोसळतं आणि आत बसलेला माणूस कोरडा. संभाजीनगरच्या पाणचक्कीत खापराच्या नळांतून लांबून आणलेलं पाणी उंचावरून पाडून जातं फिरवायचे. आणि आपण? चार वर्षांच्या फ्लॅटच्या बाथरूमखाली बादली ठेवून झोपतो.

बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, हा गुडघ्यांचा विषय. पायऱ्या वीतभर नव्हे, फूट-फूटभर उंच. उतरताना देव आठवतो आणि चढताना डॉक्टर. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव गोल आहे, पायऱ्याही फिरत जातात, म्हणजे गुडघ्यांबरोबर डोकंही फिरतं. अशा बांधणीत बहुतेक ठिकाणी चुना नसतोच. दगडावर दगड घासून बसवलेले, मागच्या मातीच्या दाबानं आणि स्वतःच्या वजनानं घट्ट. तिचे दोन शत्रू: फटीत रुजलेला पिंपळ आणि दुरुस्तीला आलेलं सिमेंट. सिमेंट ओल आत कोंडतं, आणि त्यातले क्षार दगडाच्या तोंडाचे पापुद्रे काढतात. तिसरा शत्रू देवळात भेटतो: ऑइल पेंट. काळ्या पाषाणाच्या खांबाला खाली चॉकलेटी, मध्ये पिवळा, वर पोपटी, आणि गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स. भक्तीबद्दल शंका नाही, पण ब्रशवर कुणीतरी बंदी आणावी.

काळं देऊळ दिसलं की ते ‘हेमाडपंती’, हे इथं जन्मतःच पाठ असतं. हेमाडपंत म्हणजे तेराव्या शतकात यादवांकडे असलेले मंत्री. देगलूरजवळच्या होट्टलची देवळं चालुक्यांच्या काळातली, हेमाडपंतांच्या जन्माआधीची. तरी फलकावर हेमाडपंतच. दुसरी पाठ असलेली गोष्ट म्हणजे भुयार. प्रत्येक गढीतून एक भुयार निघतं आणि थेट दौलताबादच्या किल्ल्यात उघडतं. सगळी भुयारं खरी धरली तर मराठवाडा आतून चाळणीसारखा पोकळ आहे, आणि तरीही आमच्या जमिनीत पाणी का मुरत नाही, हे भूगर्भवाल्यांनी सांगावं. प्रत्यक्ष दौलताबादला मात्र अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, आहे, खरीखुरी, वटवाघळांसकट. तिथं टॉर्च, टोपी आणि तोंडाला रुमाल. टोपी उन्हासाठी नाही.

बिनबोभाट बघायची एकच जागा मला सापडली आहे, देऊळ. प्रदक्षिणा घालणाऱ्याला कुणी ‘काय बघायलाव’ म्हणत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला त्रिविक्रमाच्या देवळात लोक समोरून नमस्कार करून परततात, मागं जावं. विटांचं बांधकाम आणि मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, बौद्ध चैत्याच्या घाटाची. तिथं मी सात प्रदक्षिणा घालतो. पुजाऱ्याच्या मते माझ्यावर मोठं संकट असावं. लातूरच्या गंजगोलाईला मात्र प्रदक्षिणा जपून: सोळा रस्ते फुटतात, आणि बाजाराची ती गोल इमारत बघत फिरलं की गाडी कोणत्या रस्त्याला लावली ते आठवत नाही.

वाड्यातले आजोबा तोवर चहा आणतात. एकदा चहा झाला की वाडा तुमचा. मग धान्याचं बळद दाखवतात, जमिनीतलं धान्याचं पेव दाखवतात, माळ्यावर चढवतात. आणि शेवटी, चुळबुळत, मूळ मुद्दा काढतात.

"तुम्हाला एवढं कळतंय म्हणल्यावर, मागं स्लॅबच्या दोन खोल्या काढल्यात. पोरानं काढल्या. गळायल्यात. बघता का जरा?"

आता सुटका नाही. पँट दुमडून गच्चीवर. पाणी टपकतं तिथं शिरत नाही, एवढं आधी समजावायचं. मग पन्हाळाच्या तोंडाशी बघायचं, कठडा आणि स्लॅब जुळतात तिथली रेघ बोटानं चाचपायची, टाकीखालचा कोपरा बघायचा. कळलं नाही तर पन्हाळाला बोळा कोंबून दोन इंच पाणी साठवायचं आणि दोन दिवस वाट बघायची. एवढ्यात शेजारच्या गच्चीवरून एक मान वर येते.

"काय बघायलाव?"

"गळती," आजोबा माझ्या आधी सांगतात. "झालं की तुमच्याकडं धाडतो."