सायलेन्सरवरचा शून्य कर

शिऱ्या दोन आठवड्यांच्या सुट्टीवर टेक्सासहून आलाय. चिंचवडला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर बंद पडलेली पिठाची गिरणी आहे, तिचा ओटा हाच आमचा कट्टा. रविवारी चहा सांगून बसतोय तोच समोरून सायलेन्सर बदललेली बुलेट गेली. मन्याने दोन्ही कान दाबून धरले. शिऱ्या म्हणाला, "इथे गाडीचा सायलेन्सर काढला की दंड, तिकडे अमेरिकेत बंदुकीला लावायचा तर सरकारदरबारी नोंद, आणि आत्ताआत्तापर्यंत वर करसुद्धा." तिथून वादाला तोंड फुटलं.

शिऱ्या हिवाळ्यात रानडुकरांच्या शिकारीला जातो. तिकडे डुकरं रात्रीतून शेत उकरून ठेवतात. त्याने चहाचा ग्लास हातात धरून दाखवलं : नळीच्या टोकाला आटे असतात, त्यावर ही नळकांडी फिरवून बसवायची. आत एकामागे एक पडदे, गरम वायू त्यात अडकत अडकत थंड होऊन बाहेर पडतो. "सिनेमात दाखवतात तसा 'फुस्स' आवाज येत नाही. रायफलचा बार १६० डेसिबलच्या वर, हे लावून १३०च्या आसपास. गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते, तिचा कडाका राहतोच. पण १४०च्या वर एका बारात कान जाऊ शकतो, तेवढा तरी वाचतो."

मन्या लगेच त्याच्या बाजूने. बावीस वर्षं प्रेस शॉपला काढली त्याने. कंपनीने कापसाचे बोळे दिले, तेही मागितल्यावर. आता डाव्या कानात रातकिडा चोवीस तास. "कान वाचवायच्या वस्तूवर कर कसला लावता?" तो खरोखर चिडला होता, आणि त्याच्यापुढे ह्या मुद्द्याला नाही म्हणणं मला तरी जमलं नाही.

वैशाली वकील. ती म्हणाली, कर कानावर नव्हताच. १९३४ साली, टोळीयुद्धांच्या काळात, अमेरिकेने मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर एका कायद्यात घातले आणि २०० डॉलर कर लावला. तेव्हाचे २०० म्हणजे आजचे साडेचार हजारांच्या वर. लोकांनी घेऊच नये, हाच हेतू. पुढे नव्वद वर्षं आकडा तोच राहिला, महागाईनेच कर खाल्ला.

"मग आता काढला तर बिघडलं कुठे?" शिऱ्या म्हणाला. मे २०२५मध्ये अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाने, प्रतिनिधिगृहाने, अर्थसंकल्पी विधेयक संमत केलं, त्यात सायलेन्सर त्या यादीतून पार वगळायचं कलम होतं. वरच्या सभागृहाच्या, सिनेटच्या, नियमतज्ज्ञांनी सांगितलं, अर्थसंकल्पी विधेयकात हे बसत नाही. मग मधला मार्ग निघाला : ४ जुलैला सही झालेल्या कायद्याने कर शून्य केला, १ जानेवारी २०२६पासून. फॉर्म, फोटो, बोटांचे ठसे आणि नोंदवही मात्र तशीच.

मला विचाराल तर खरी मेख इथे आहे. वैशालीने ती नीट उलगडली. १९३७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात एका बंदूक-विक्रेत्याने ह्या कायद्याला आव्हान दिलं होतं. न्यायालयाने कायदा टिकवला तो 'हा कर आहे आणि कर लावायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, आहे' ह्या आधारावर. नोंदवही त्या कराच्या खुंटीला टांगलेली. "आता करच शून्य, तर खुंटी कुठे राहिली? त्याच मुद्द्यावर दावे दाखल झालेत. आणि नोंदच काढायची विधेयकं काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा येताहेत."

"नोंद गेली तरी दुकानात गिऱ्हाइकाची तपासणी होईलच की," शिऱ्या म्हणाला.

"दुकानात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला विकलं तर? टेक्सासमध्ये त्याला तपासणी लागत नाही, तूच मागे सांगितलं होतंस."

शिऱ्या गप्प झाला, मग म्हणाला, नॉर्वे-फिनलंडमध्ये सायलेन्सर सहज मिळतो, तिथे कुठे काय होतं? खरं आहे, पण तिथे बंदूकच परवान्याशिवाय मिळत नाही. मी हे म्हटल्यावर मन्यासुद्धा "हां" म्हणाला. अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्यात तर सायलेन्सरच बेकायदा आहे. शिऱ्याचा तिथल्या एडिसन गावचा मावसभाऊ हौस असूनही ठेवू शकत नाही.

२०१७ साली असंच एक विधेयक होतं. १४ जूनला त्यावर सुनावणी ठरली होती, त्याच सकाळी बेसबॉलचा सराव करणाऱ्या खासदारांवर गोळीबार झाला आणि सुनावणी रद्द. ऑक्टोबरात लास व्हेगसचा सामूहिक गोळीबार झाला आणि विधेयक बाजूला पडलं. २०१९ला व्हर्जिनिया बीच शहराच्या पालिका संकुलात बारा माणसं मारली गेली, मारेकऱ्याच्या एका पिस्तुलाला सायलेन्सर होता. शिऱ्या म्हणतो, अशा घटना मोजक्या. असतील. पण मोजक्या राहिल्या त्या नव्वद वर्षांच्या नोंदीमुळे की वस्तूच निरुपद्रवी म्हणून, हे नोंद काढून बघायचं धाडस मी करणार नाही. कर जाऊ दे, मन्यासारखे कान वाचू देत. नाव मात्र वहीत राहायला हवं.

"तुझं नळकांडं उद्या कुणी मागितलं तर देशील?" वैशालीने विचारलं.

"ओळखीचा असेल तरच."

"आणि तो पुढे कुणाला देईल?"

शिऱ्याने ग्लास खाली ठेवला. मन्या उजवा कान पुढे करून म्हणाला, "काय म्हणाला तो? मला ऐकू नाही आलं."

तो काही म्हणालाच नव्हता.